पेरू की थांबू? कपाशीचं झाड वेगळं, सोयाबीनचं वेगळं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भावाने विचारलं आहे. घरी 8 एकर कोरडवाहू, त्यात 5 एकर कपाशी आणि 3 एकर सोयाबीन. मृग लागला आणि दुसऱ्याच दिवशी 42 मिलिमीटर पाऊस झाला. बाबा म्हणतात लावून टाकू, अर्धं गाव लागलं आहे. कृषी सहायक म्हणतात 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय बियाण्याची पिशवी फोडू नका. हा भाऊ एमबीएला डिसिजन ट्री म्हणजे निर्णयवृक्ष शिकलेला, पर्याय आणि त्यांचे परिणाम झाडाच्या फांद्यांसारखे कागदावर मांडायची पद्धत. रात्री वही घेऊन बसला, 27 फांद्या झाल्या आणि एकीवरही शक्यतेचा आकडा लिहिता आला नाही. त्याचा शेवटचा प्रश्न असा की हे सगळं शहरातल्या कंपन्यांपुरतंच आहे का?

तसं नाही. पण 27 फांद्यांचं झाड कंपनीतही कोणी वाचत नाही.

आधी माझ्याविषयी, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी 9 वर्षं एका बँकेत पीककर्ज बघायचे. त्यानंतरची 13 वर्षं शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसोबत बसून, घ्यायचं काय, विकायचं कधी, साठवायचं किती, असले निर्णय कागदावर मांडून देते. वर्धा जिल्ह्यात आमचं 11 एकर वावर आहे, तेही कोरडवाहू. म्हणजे हा प्रश्न दर जूनमध्ये आमच्या ओसरीवरही असतो.

भाऊ, तुम्ही विचारलंत “पाऊस येईल का?” झाड याचं उत्तर देत नाही आणि मीही देत नाही. झाड एवढंच सांगतं की पाऊस येईल याची किती खात्री असली तर लावणं परवडतं. तुमचे बाबा आणि कृषी सहायक यांचा वाद तुम्हाला पावसावरचा वाटतो. मला तो तसा दिसत नाही. दोघांनाही आभाळ सारखंच दिसतंय. बाबांच्या डोळ्यांपुढे मृग हुकल्यावर कमी झालेले कापसाचे बोरे आहेत, सहायकाच्या डोळ्यांपुढे दुबार पेरणीचे अर्ज. दोघं झाडाच्या वेगवेगळ्या पानांकडे बघून बोलताहेत.

आता झाड. कॅलेंडरचं उलटं पान पुरतं. डावीकडे एक चौकोन काढा. चौकोन म्हणजे जिथे तुम्ही ठरवता. त्यातून दोन फांद्या निघतात, “आज लावतो” आणि “थांबतो”. प्रत्येक फांदीच्या टोकाला गोल. गोल म्हणजे जिथे तुमचं काही चालत नाही, वरचा ठरवतो. त्यातून पुन्हा दोन फांद्या, “पुढच्या 12 दिवसांत पाऊस लागून राहिला” आणि “खंड पडला”. शेवटी पानं, आणि पानांवर रुपये. चौकोन आणि गोल यांत गल्लत झाली की झाड वाकडं वाढतं. तुमच्या वहीच्या फोटोत “गावाने पेरलं” हे तुम्ही गोलात टाकलं आहे. गाव पेरतं की नाही याने तुमच्या वावरातली ओल बदलत नाही. ती फांदी तोडा. (मजुरांच्या बाबतीत बदलतं, कबूल. सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला काढलं की टोबायला, म्हणजे हाताने बी लावायला, बाया मिळत नाहीत आणि रोज वाढतो. तेवढंच खर्चात धरा.)

छाटणीचा सगळ्यात कामाचा नियम असा की दोन्ही फांद्यांवर सारखंच घडणारी गोष्ट झाडात ठेवायचीच नाही. तुम्ही दिवाळीनंतरचा कापसाचा भाव चार तऱ्हांनी मांडलात, गुलाबी बोंडअळी मांडलीत, ऑगस्टचा खंडही मांडलात. या पावसावर लावलं काय आणि दहा दिवसांनी लावलं काय, जानेवारीतला भाव तोच असणार. बोंडअळीचं म्हणाल तर मेमधल्या पूर्वहंगामी लागवडीने तिला आयतं खाद्य मिळतं हे खरं, पण 9 जून आणि 19 जून यांत त्यासाठी फरक धरण्याइतकं काही नाही. हे सगळं काढलं की 27 च्या चार फांद्या राहतात.

पानांवरचे आकडे एकरी लिहू. “थांबतो” याला शून्य धरा आणि “आज लावतो” त्याच्यापेक्षा किती वर किंवा किती खाली, एवढंच मोजा. तुम्ही दिलेल्या खर्चावरून कपाशीचं असं निघतं: एकरी दोन पाकिटं, साधारण 900 रुपयांचं एक, म्हणजे 1,800. टोबायची मजुरी 1,000. सऱ्या पाडायचे 500. एकूण 3,300. खंड पडून सरकी जळाली तर हे गेले.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो, तुम्हीही केली आहे. खंड पडला तर दुबार पेरणीला उशीर होऊन उत्पन्न घटेल, म्हणून तुम्ही त्या पानावर आणखी 6,000 चा तोटा टाकलात. पण खंड पडला तर थांबलेला माणूससुद्धा त्याच उशिराच्या पावसावर लावणार आहे! त्याचंही उत्पन्न तेवढंच घटणार. उशीर दोन्हीकडे सारखा, म्हणून तो कटला. तुमचा जास्तीचा तोटा फक्त पहिल्या लागवडीचा खर्च, 3,300.

आता दुसरं पान. पाऊस लागून राहिला तर आज लावणाऱ्याचा फायदा काय? थांबलेला माणूस आठ-दहा दिवसांनी लावेल. तुमची जमीन भारी काळी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पाऊस लागल्यावर चार-सहा दिवस वाफसाच (कामाजोगी सुकलेली जमीन) मिळणार नाही, ते वेगळे. एवढ्या उशिराने एकरी अर्धा क्विंटल कापूस कमी, असा तुमच्या बाबांचा अंदाज. घरात येणारा भाव 7,500 धरला आणि वेचाई किलोला 10 रुपये काढली, तर क्विंटलमागे 6,500 उरतात. अर्ध्याचे 3,250.

म्हणजे एका पानावर 3,250 वर आणि दुसऱ्यावर 3,300 खाली. दोन्ही जवळजवळ सारखे. तेव्हा पाऊस टिकायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असली की कपाशी लावणं परवडतं. हिशोब सोपा आहे: तोट्याला, तोटा अधिक फायदा यांनी भागा. 3,300 भागिले 6,550, म्हणजे 50 टक्के. मी याला उंबरठा म्हणते. नेमकी शक्यता ठाऊक असण्याची गरज नाही, ती उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे एवढं कळलं तरी काम भागतं.

आता सोयाबीनचं झाड काढा. मी हे ज्या-ज्या गावात मांडलं तिथे लोक इथे येऊन थांबतात. सोयाबीनला एकरी 30 किलो बियाणं, तुम्ही विकत घेताय, 3,000 धरू. ट्रॅक्टरची पेरणी 900. बियाण्यासोबत खत पेरलं जातं, त्याचे 1,500. एकूण 5,400 पणाला. आणि आठ-दहा दिवस आधी पेरण्याचा फायदा? सोयाबीन जूनच्या शेवटी, अगदी जुलैच्या पहिल्या आठवड्यातही पेरतात. फार तर पाव क्विंटलचा फरक. 4,400 च्या भावाने 1,100 रुपये. उंबरठा: 5,400 भागिले 6,500, म्हणजे 83 टक्के.

तेच वावर, तेच आभाळ, तोच 42 मिलिमीटर. कपाशीला 50 टक्के खात्री पुरते, सोयाबीनला 83 लागते. “पेरू की थांबू” हा एक प्रश्न नव्हताच.

कृषी विभागाचा 75 ते 100 मिलिमीटरचा नियम मी कधी हसण्यावारी नेत नाही. तो नियम म्हणजे कोणीतरी आधी मांडून, फांद्या गुंडाळून, फक्त बुंधा तुमच्या हाती दिलेलं झाड आहे. प्रत्येक गट नंबरसाठी वेगळं झाड विभाग काढू शकत नाही, म्हणून सगळ्यांना चालेल असा सावध आकडा देतो. हलक्या, मुरमाड जमिनीला आणि सोयाबीनला तो अगदी बरोबर आहे. भारी जमिनीतल्या कपाशीला कधीकधी जरा जास्तच सावध पडतो. पण तुमचं झाड मांडल्याशिवाय हे म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

आता शक्यता कुठून आणायची, जिथे तुमची वही अडली.

माझ्या सासऱ्यांना सवय होती. अंगणात, झाडाच्या सावलीपासून लांब, उभ्या कडांचा एक पत्र्याचा डबा ठेवायचा आणि सकाळी चहाआधी त्यात फूटपट्टी बुडवून आकडा वहीत लिहायचा. डब्याच्या कडा सरळ उभ्या असल्या की डब्यात साचलेले मिलिमीटर म्हणजेच पाऊस, वेगळं गणित लागत नाही. त्या वहीत 14 वर्षांचे जून आहेत. मी एवढंच मोजलं: मृगात पहिला 40 च्या आसपासचा पाऊस झाला, त्यानंतरच्या 12 दिवसांत 25 मिलिमीटर तरी आणखी आला का? 14 पैकी 9 वेळा आला. साधारण 64 टक्के. चौदाच वर्षं असल्याने मी ते 60 धरते, कारण एखादं वर्ष इकडचं तिकडे झालं तरी आकडा सात टक्क्यांनी हलतो. तुमच्याकडे वही नसेल तर कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस बघता येतो. मंडळाचा पर्जन्यमापक तुमच्या वावरापासून दहा किलोमीटर लांब असू शकतो आणि आपल्याकडे पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो, दुसरं नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

दुसरा स्रोत तुमच्या घरातच आहे. बाबांना टक्के विचारू नका. त्यांना असं विचारा: “बाबा, असं आभाळ धा वेळा आलं त त्याच्यातून किती खेपा पानी टिकला?” ते लगेच “सात” म्हणतील. मग विचारा, “नाही टिकला ते कोणतं साल?” आता ते आठवायला लागतील आणि सातचे सहा होतील. माणसाला साधलेला मृग लख्ख आठवतो, हुकलेला दिवाळीपर्यंत विसरलेला असतो. हे बाबांचंच नाही, माझंही असंच होतं. पण त्यांचा हा आकडा टाकाऊ समजू नका. 40 वर्षं त्याच मातीत उभा असलेला माणूस बोलतोय.

सालांचा स्वभावही पाहा. 2023 मध्ये मान्सून विदर्भात यायलाच 23 जून उजाडला. 2025 मध्ये उलट, 26 मेलाच मुंबईत पोचला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत विदर्भात पुढे सरकलाच नाही. आमच्या शिवारात मेच्या त्या पावसावर हुरळून सरकी टोबणारे होते. लवकर आलेला पाऊस टिकाऊ असतो असं नाही, हे त्यांच्या पाकिटांनी दाखवून दिलं.

मग हवामान अंदाज. तुम्ही लिहिलंय की अंदाज चुकतात म्हणून बघणंच सोडलं. चुकतात, पण चुकणाऱ्या अंदाजालाही किंमत असते, आणि ती मोजता येते. 100 जून डोळ्यांपुढे आणा. 60 मध्ये पाऊस टिकला, 40 मध्ये खंड पडला. समजा, टिकणार होता अशा 60 पैकी 45 वेळा अंदाजाने आधी “पाऊस” सांगितलं होतं, आणि खंड पडणार होता अशा 40 पैकी 12 वेळा चुकून “पाऊस” सांगितलं. (45 आणि 12 हे मी उदाहरणापुरते धरले आहेत. तुम्ही दोन-तीन वर्षं अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी-शेजारी लिहा, तुमचे आकडे निघतील.) म्हणजे अंदाज “पाऊस” म्हणाला अशा एकूण 57 वेळा, त्यात खरा 45 वेळा. 79 टक्के. “खंड” म्हणाला अशा 43 वेळा, त्यातही 15 वेळा पाऊस टिकलाच, 35 टक्के.

आता हे उंबरठ्याशेजारी ठेवा. कपाशीचा उंबरठा 50. अंदाज “पाऊस” म्हणाला तर 79, लावा. “खंड” म्हणाला तर 35, थांबा. अंदाजाने निर्णय बदलला, म्हणून त्याला किंमत आहे. किती? अंदाज न बघता लावली तर सरासरीने एकरी 630 रुपये वर राहता: 60 टक्के गुणिले 3,250, वजा 40 टक्के गुणिले 3,300. अंदाज बघून लावली किंवा थांबलात, तर साधारण 1,066. फरक 436, पाच एकरांचे 2,180 रुपये. भारतीय हवामान विभागाचं जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, मेघदूत अ‍ॅपवर फुकट मिळतं. दोन हजाराची वस्तू फुकट मिळतेय, घ्या.

सोयाबीनचं काय? उंबरठा 83. अंदाज “पाऊस” म्हणाला तरी शक्यता 79 च. म्हणजे अंदाज काहीही म्हणो, थांबायचंच. ज्या माहितीने निर्णय बदलत नाही तिची किंमत त्या निर्णयापुरती शून्य, मग ती कितीही अचूक वाटो. आमच्या भागात एक जण पैसे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर “100 टक्के खात्रीचा” अंदाज पाठवायचा. लोकांनी मला विचारलं, वर्गणी भरू का? मी म्हटलं, तो देव आहे असं धरून हिशोब करू. सगळं आधीच कळलं तर कपाशीत एकरी सरासरी 1,950 मिळतात, आज 630 मिळताहेत, म्हणजे देवाच्या अंदाजालाही एकरी 1,320 च्या वर एक रुपया देऊ नका. आणि तो देव नाही.

हे 630, 1,066 वगैरे म्हणजे अपेक्षित मूल्य. हा शब्द फसवा आहे. एकरी 630 कोणालाच मिळत नाहीत. मिळतात 3,250, नाहीतर जातात 3,300. सरासरी अनेक हंगामांची, आणि घर एका हंगामावर चालतं. म्हणून सगळ्यात नाजूक गोष्ट इथे आहे, आणि बँकेत असताना ती मला कळायला वेळ लागला.

5 एकरांचे 3,300 प्रमाणे 16,500. हे पैसे कुठून आले? पीककर्जातून आले असतील तर तोटा 16,500 च. कृषी केंद्राच्या उधारीवर असतील, शेकडा 5 रुपये महिन्याने सावकाराकडून असतील, किंवा दुबारसाठी बायकोची पोत गहाण टाकावी लागणार असेल, तर तो तोटा वहीतल्या 16,500 हून मोठा आहे. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने 1738 मध्येच हे मांडलं होतं की एकाच रुपयाचं मोल खिशागणिक वेगळं. मी शेतकऱ्याला एकच विचारते: हे वाईट पान हाती आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल? “नवीन पाकिटं आणीन” म्हणाला तर आहे तोच आकडा धरते. “बैल विकीन” म्हणाला तर तोटा दुप्पट धरून पुन्हा भागते. 6,600 भागिले 9,850, उंबरठा 67 वर जातो. आपला 60 त्याच्या खाली पडला, तेव्हा अंदाजाशिवाय लावायचं नाही. दोन शेजारी, एकच आभाळ, एकाने लावणं बरोबर आणि दुसऱ्याने थांबणं बरोबर. गावात मात्र दोघांपैकी एकाला डरपोक म्हणतात.

तुमच्या बाबतीत हे मला माहीत नाही, तुम्ही लिहिलं नाही. तेवढं तुम्हालाच ठरवायचं आहे.

मधला मार्ग लोक विसरतात, कारण कॉलेजातल्या चौकोनातून दोनच फांद्या निघतात. पाचही एकर एकदम लावायला कोणी सांगितलं? दोन एकर लावली तर सरासरी दोन एकरांपुरतीच, पण वाईट पान 16,500 चं 6,600 होतं. आणि सगळी जमीन सारखी थोडीच असते. कुदळ घ्या, चार ठिकाणी मारा, ओल किती खाली गेली बघा. नाल्याकाठच्या तुकड्यात वीतभर गेली असेल आणि धुऱ्याकडच्या बरड पट्ट्यात चार बोटं. चार बोटांच्या ओलीवर सरकी उगवेल आणि तीन दिवसांच्या उन्हात माना टाकेल. त्या पट्ट्याचं झाडच वेगळं.

माझे कोणते आकडे डळमळीत आहेत तेही सांगते, नाहीतर कागदावर लिहिलं म्हणून सगळं खरं वाटायला लागतं. सगळ्यात कच्चा आकडा अर्ध्या क्विंटलचा. 60 टक्के शक्यता धरली तर आज लावण्याचा फायदा एकरी 2,200 च्या खाली गेला की निर्णय उलटतो, म्हणजे सुमारे 34 किलो कापूस. बाबांना विचारा, दहा दिवसांच्या उशिराने एकरी 34 किलोपेक्षा जास्त फरक पडतो का? “हो, नक्की” म्हणाले तर पुढे चला. घुटमळले तर थांबा. दुसरा आकडा 3,300 चा. तो मी पूर्ण धरला, पण खंड पडला म्हणून सगळंच जळतं असं नाही, बऱ्याचदा नांगे भरून, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावून, भागतं. सरासरी तोटा 2,200 धरला तर उंबरठा 40 वर उतरतो. भावाचा आकडा मी फार घासत बसले नाही, 500 रुपये इकडे-तिकडे झाल्याने उत्तर बदलत नाही.

‘डिसिजन अॅनालिसिस’ हे नाव स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी 1966 मध्ये रूढ केलं, आणि शिकवताना तेलाची विहीर खणावी का हे उदाहरण हमखास येतं. आपल्याकडे बोअर मारलेल्या माणसाला ते उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. म्हणून शहरापुरतं वगैरे डोक्यातून काढा.

एक आमच्या घरचं. 2014 मध्ये आम्ही 11 पैकी 6 एकर कपाशी पहिल्या पावसावर लावली. ओल बरी होती, हिशोब मीच मांडला होता, उंबरठ्याच्या वर होतो. मग पाऊस जो गेला तो जुलैचा मध्य येईपर्यंत फिरकला नाही. दुबार लावावी लागली. तेव्हा कळलं की माझ्या पानावर एक खर्च लिहायचाच राहिला होता: दुबारच्या वेळी हवं ते वाण मिळत नाही. दुकानदाराने, नाव घेत नाही, मागितलेल्या पाकिटासोबत नको असलेली खताची पिशवी गळ्यात मारली. तेव्हापासून मी दुबारच्या पानावर एकरी 300 जास्त लिहिते. तुमच्या 3,300 मध्ये ते नाहीत, घाला.

पण त्या वर्षीचा निर्णय चुकला असं मी आजही म्हणत नाही. सासरे म्हणाले. आणि पुढच्या वर्षी, 2015 चा जून चांगला भिजत असताना, “मागच्या साली हात पोळले” म्हणून ते 25 तारखेपर्यंत बसून राहिले. खर्चाचा हिशोब दोन्ही वर्षी जवळपास तोच होता, बदललं होतं फक्त मागच्या सालचं दुःख. निकाल वाईट लागला म्हणजे निर्णय वाईट होता असं धरलं की माणूस दर वर्षी मागच्या सालाशी भांडत पेरतो. मी त्या वर्षांचे दोन्ही कागद जपून ठेवले आहेत. हंगाम संपल्यावर कागद काढायचा आणि बघायचं: तेव्हा जे माहीत होतं ते नीट लिहिलं होतं का? नसेल तर चूक, असेल तर नशीब. सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही, ते सोडा.

तर तुमच्यापुरतं असं. सोयाबीनला हात लावू नका, अंदाज काहीही म्हणो. कपाशीसाठी शुक्रवारचं पत्रक येईपर्यंत थांबा, पण त्याच्या पुढे नाही, कारण 42 मिलिमीटरची वरची ओल या उन्हात चार दिवसांपलीकडे टिकत नाही आणि मग “आज लावतो” ही फांदीच वाळते. पत्रक “पाऊस” म्हणालं आणि बियाण्याचे पैसे उधारीचे नसतील, तर नाल्याकाठचा तुकडा लावा. बरड पट्टा पुढच्या पावसावर.

तोवर मधले दोन दिवस रिकामे बसू नका. सोयाबीनच्या पिशवीतले, किंवा घरचं बियाणं वापरायचं ठरलं तर त्यातले, 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलोच पुरेल. 60 ते 70 च्या मध्ये आले तर बियाणं वाढवावं लागेल, म्हणजे तुमचे 3,000 वाढतील आणि 83 चा उंबरठा आणखी वर सरकेल. 60 च्याही खाली आले तर ते पेरू नका. आकडा आला की इथेच कळवा, झाड पुन्हा मांडू.